हुल्डाचा वाटा

सोमवार, ८ जानेवारी १९३४
लग्नानंतर गॉटहोल्डच्या घरी पोचलो एकदाचे. स्टेशनापासून घोडागाडीनं दीड तास, दोन्हीकडे द्राक्षमळे आणि वर जानेवारीच्या उन्हाळ्याचं कोरडं निळं आभाळ. दगडी घर थंडगार आहे. परसात पाव भाजायची भट्टी एवढी मोठी, की माझी ॲडलेडची खोली तिच्यात मावेल. गॉटहोल्डनी उंबऱ्यात थांबून प्रार्थना म्हटली, मगच मी आत पाऊल टाकलं. फार बरं वाटलं.

गॉटहोल्डची लेक लेना पाण्याच्या टाकीमागे लपली होती. सात वर्षांची, पण पाचांची दिसते. हिला आता आई म्हणायचं, असं गॉटहोल्डनी सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, माझी आई चर्चमागे पुरली आहे, ती काही गावाला गेलेली नाही. मला ती हेडविगबाई म्हणते. मी गॉटहोल्डना म्हटलं, जबरदस्ती नको, तो शब्द आपला आपण यायला हवा. रात्रीच्या प्रार्थनेत देवाकडे तेवढंच मागितलं.

पोर जेवत नाही. तिची आई हुल्डा जुलैत वारली, तेव्हापासून दुकानचा पाव नुसता कुरतडते. म्हणते, हा कापूस आहे.

गुरुवार, ११ जानेवारी
पाव घरीच करायचा ठरवलं. जन्मात कधी केलेला नाही. शहरात कोपऱ्यावर बेकरी होती.

तळघरात हुल्डाची खमिराची बरणी सापडली, फडक्यानं बांधलेली. तळाशी वाळून खपली झाली होती. गॉटहोल्डच्या बेर्टाआत्या मळ्यापलीकडे राहतात, त्या शिकवायला आल्या. आल्या आल्या टोमणा, मॅट्रिक झालेली सून, आता पुस्तकाचं पान फाडून मळणार वाटतं! पण हात धरून दाखवलं. खपली खरवडायची, कोमट पाण्यात भिजवायची, पीठ घालायचं, उबेला ठेवायचं. रोज सकाळी निम्मं काढून टाकायचं आणि तेवढंच नवं पीठपाणी घालायचं. खमिराला खाऊ घालणं म्हणतात त्याला.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, मेलेल्या बाईचं खमीर आहे, तेव्हा चाळीस दिवस काढलेलं मातीतच टाक. तो तिचा वाटा. तो तिला पोचला, की बरणी तुझी.

मी मनात गणित केलं. निम्म्याचं निम्मं करत गेलं, तर दहा दिवसांत जुनं हजारात एक भागसुद्धा उरत नाही. चाळीस कशाला?

मंगळवार, १६ जानेवारी
खमीर जागं झालं! फुगे आले, आंबट सफरचंदासारखा वास. काल वाटीभर काढून मातीत टाकलं, तेव्हा जीव चरचरला. शहरात पावासाठी रांगेत उभे राहिलेले बाप्ये पाहिलेत मी. देवानं दिलेलं अन्न मातीत टाकणं पाप नाही तर काय?

आज काढलेलं टाकलं नाही. चिमूटभर मीठ घालून धिरडी घातली. बरणीतून गेलं ते गेलं, मग मातीत जावो की पोटात. लेनानं चार खाल्ली! बोटं चाटली. गॉटहोल्डच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यांना सांगितलं नाही.

शनिवार, २० जानेवारी
पहिला पाव वीट झाला. गॉटहोल्ड म्हणाले, असे आणखी वीस कर, कोंबड्यांच्या खुराड्याला भिंत होईल. सगळे हसलो, लेनासुद्धा.

आत्यांनी खूण सांगितली आहे. फुगलेल्या गोळ्यात बोट दाबायचं. खळगा झटकन भरला तर थांबायचं. सावकाश, थोडासाच भरला तर भट्टीत घालायची वेळ झाली. मी दाबून पाहिलं आणि झालं म्हटलं. लेना स्टुलावर चढली, बोट दाबलं आणि म्हणाली, अजून नाही. तिचंच ऐकायला हवं होतं.

शुक्रवार, २६ जानेवारी
पाव सुरेख! साल तडतडत होती. लेनाचे गाल भरलेत. रोज सकाळी धिरडी मागते, अजून अजून करते.

एकच गोष्ट. आज मळायला ती हटून बसली. डाव्या हातानं घडी, मग तळव्याच्या टाचेनं दोन ठोसे, परत घडी. मी तिला असं शिकवलेलं नाही, आणि पोर तर सगळं उजव्या हातानं करते. गॉटहोल्ड दारात आले, बघत राहिले, कॉफी न घेताच मळ्यात गेले. संध्याकाळी विचारलं तेव्हा म्हणाले, हुल्डा असंच मळायची. पाहिलं असेल पोरीनं, मी म्हटलं.

मंगळवार, ३० जानेवारी
एकशे सहा अंश फॅरनहाइट ऊन. लेनाचं अंग तळघरातल्या भिंतीसारखं गार. घाम नाही. केसांना आंबट वास, साबणानंही जात नाही.

आंघोळ घालताना दंडावर माझा अंगठा दाबला गेला. खळगा पडला. मी हात काढला तरी तसाच. मग सावकाश, थोडासा भरला.

डॉक्टर म्हणाले, उन्हाची सूज. गॉटहोल्ड हो म्हणाले. मला मात्र भट्टीकडे बघवेना.

गुरुवार, १ फेब्रुवारी
धिरडी बंद केली. कोंबड्यांना दाणे घालून परत आले तर लेना बरणीत कोपरापर्यंत हात घालून चाटत होती. मी ओरडले. तिनं वळून पाहिलं. लहान मूल चोरी पकडल्यावर बघतं तसं नाही. म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरात आवाज चढवायचा नाही. तुझा ॲप्रन माझ्या खुंटीवरून काढ.

आत्यांकडे पळत गेले, सगळं सांगितलं. अगं मॅट्रिक पोरी, म्हणाल्या, मातीत म्हणजे मातीत! मेलेल्याला माती घेते. तू तिचा वाटा लेकराला वाढलास.

शहरात इतकी वर्षं जमाखर्च लिहिला मी. एका पानावरून काढलेलं दुसऱ्या पानावर कुठेतरी चढतंच. एवढं साधं मला—

शनिवार, ३ फेब्रुवारी
भट्टी पेटवली होती. बरणी निखाऱ्यांवर ठेवून दार लावलं.

परसातून किंकाळी. लेना धुळीत लोळत होती, गालांची कातडी करपून टणक, सालीसारखी तडकत— मी उघड्या हातांनी बरणी ओढून काढली. पाणी ओतलं. लेना शांत झाली. कातडी मऊ झाली. बरणीला चीरही नाही.

माझ्या तळव्यांवर फोड आहेत. गॉटहोल्डनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. आता तरी सूज म्हणत नाहीत.

रविवार, ४ फेब्रुवारी
आज खमिराला खाऊ घातलं नाही. दहा वाजेपर्यंत लेना अंथरुणात फसलेल्या पिठासारखी बसकी झाली. चेहरा खचला, हाक ऐकेना. पीठ घातलं. ती उठून बसली.

म्हणजे जाळता येत नाही. उपाशी ठेवता येत नाही. टाकलं तर आता त्यात कुणाचा वाटा जाईल?

पाद्रीबाबा आले. त्यांच्यासोबत लेनाही प्रार्थना म्हणत होती, बाईच्या आवाजात. मग म्हणाली, गॉटहोल्ड, पाद्रीबाबांना पाव काप. बापाला नावानं. गॉटहोल्ड बाहेर जाऊन ओकले.

मधेच क्षणभर लेना वर आली. माझी बाही धरून म्हणाली, हेडविगबाई, मला जागाच उरली नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी
आत्यांच्या पाया पडले. एकच वाट आहे म्हणाल्या, ती सांगायची नव्हती त्यांना. खमीर नेहमी जास्त पिठाकडे जातं. लेकराचे हात ओट्याला पुरत नाहीत, हुल्डाला बाईचे हात हवेत. आपल्या खुशीनं बरणी खाऊन रिकामी कर, तिला तुझ्याकडे बोलव, येईल ती. पण तुझी तू उरशील का, ते मला विचारू नकोस.

विचारलं नाही.

गॉटहोल्डना सांगितलं नाही. देवाला सांगितलं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी, सकाळ
निम्मी बरणी. कच्चं. घशाखाली उतरताना हलतं. ये बाई, म्हटलं. ये, इकडे जागा आहे.

लेनाचा हात कोमट.

अकरा वाजता
बरणी पुसून चाटली. लेनाला घाम फुटला! पाणी मागितलं. दंड दाबला, मांस लगेच वर आलं. प्रभू, तुझे उपकार. हेडविगबाई, कोंबड्या बाहेर गेल्या, म्हणत उन्हात धावली. तिचाच आवाज, तिचाच.

मला ऊन लागत नाही. पोटात काहीतरी सावकाश वर चढतंय. दुखत नाही. नुसती जागा करत—

माझं नाव हेडविग. हेडविग. ॲडलेडची. वडील—

दुपार
हे घर माझं नाही हे लक्षात ठेवायला हवं. खुंटी कुठली ते मला न बघता कळतं. हे बरं नव्हे.

लेना दारात आली आहे. गाल लाल, हातात अंडं. उभी राहिली. माझ्याकडे बघतेय. भीत नाहीये.

आई, म्हणाली.

किती वाट पाहिली मी या— नाही बाळ, मी नव्हे, ती— असं सांगायला तोंड उघडलं. पण आलं ते, माझी चिमखडी, ये गं. ती पळत येऊन बिलगली. चिमखडी. लेनाचं हे लाडाचं नाव मला कधी कुणी सांगितलेलंच—