सोमवारच्या रकान्यातला पिवळा

वाडी, पोस्ट जळकोट
आश्विन, बुधवार

प्रिय माणिक,

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठीक आहे. फोनवर आपण बोलतोच, पण फोनवर मी सोयाबीनचं सांगतो, गुडघ्याचं सांगतो आणि मोकळा होतो. शाळेत माझं असंच होतं. लेखी बरं, तोंडी नापास. तुझं उलटं. तू वर्गापुढं उभा राहून चालीवर कविता म्हणायचास आणि तिसऱ्या कडव्याला हमखास अडायचास. मग मागच्या बाकावरून मी हळूच शब्द पुरवायचो. गुरुजींना ते कळायचं, तरी ते खिडकीबाहेर बघत बसायचे. अशी माणसं आता होत नाहीत, असं मला वाटतं. म्हातारपणी सगळ्यांनाच वाटत असेल.

इथली खबर म्हणजे थकवा. दोन महिने झाले, वाडी पाणी उकळून पिते आहे. बायका मला बघून सरपणाचा हिशोब ऐकवतात. पाण्याच्या तपासणीत ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळालं, म्हणजे पाणी धोक्याचं. चार वर्षं हिरवं होतं, पाचव्या वर्षी चंदेरी मिळणार म्हणून सरपंचानं भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. तो खिळा अजून तिथंच आहे. मी रोज त्याच्याखाली बसून पाण्याची वही लिहितो.

त्या वहीचं तुला किती कौतुक होतं! मी शाळामास्तरकीतून निवृत्त झालो आणि गावानं मला जलसुरक्षक केलं, तेव्हा तू सोलापूरहून पेढे घेऊन आलास. ज्या विहिरीच्या काठावर माझ्या आईला घागर खाली ठेवून तासभर वाट बघावी लागायची, तुमच्याच त्या विहिरीवरून आता गावाची टाकी भरते आणि टाकीची किल्ली माझ्या करगोट्याला. तू म्हणालास, बुद्धघोष, तुझे वडील असते तर! मला मात्र तेव्हा इरम्माक्का आठवली. सगळे वरून ओंजळीत पाणी ओतायचे, आणि तुझी ही थोरली बहीण, असेल बारा-तेरा वर्षांची, तिनं एकदा तांब्याच माझ्या हातात दिला. घरात मार खाल्ला तिनं त्यापायी. मला गुरुजी म्हणणारीही गावात पहिली तीच.

काम तसं सोपं. सकाळी पंचायतीचा पाणी सोडणारा धुळाप्पा टाकीत टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची पावडर कालवून टाकतो, गाव तिला औषध म्हणतं. मग मी शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतो, त्यात तपासणीच्या द्रावणाचे थेंब सोडतो, आणि पाणी पिवळं होतं. म्हणजे औषध पोचलं. करडईचं फूल उमलावं तसा तो रंग. वहीत लिहायचं, पिवळा. बारा वर्षं रोज सकाळी मी तो रंग बघितला आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. एवढा साधा आनंद सरकारी कामात सापडेल, असं वाटलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी अक्का पंचायतीच्या पायरीवर येऊन बसली. म्हणाली, “गुरुजी, सोमवारचं तेवढं औषध टाकू नका की. लिंगाला घालायचं पाणी, दवाखान्यागत वास येतोय बघा.” मी म्हणालो, अक्का, नियम आहे. ती हसली. “नियम तुमच्याच हातात हाय न्हवं? म्हणून तर तुमाला सांगाय आले.” माणिक, ती हुकूम करायला नव्हती आली, विचारायला आली होती. तुमच्या घरातलं माणूस पाण्यासाठी माझ्या दारी! मला नाही म्हणवलं नाही. खरं सांगू? मला ते गोड वाटलं. तेव्हापासून सोमवारी सकाळी टाकी तशीच सुटायची, गावाची पूजा आटोपली की संध्याकाळी धुळाप्पा औषध टाकायचा. वहीत मात्र सकाळीच, न तपासता, पिवळा.

श्रावणातला तिसरा सोमवार. आदल्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात नाल्याखालची पाइप फुटली होती, जोडली होती, पाणी जरा गढूळ होतं. धुळाप्पा सकाळीच म्हणाला, “गुरुजी, आज टाकावं का? रंग बरा न्हाय.” मी म्हणालो, संध्याकाळी. आणि संध्याकाळी तो आला तेव्हा मी ओट्यावर आपलं चौथीचं पुस्तक घेऊन बसलो होतो. ट्रंकेत सापडलं होतं, तुझ्या शाईच्या डागासकट. मी तिसरं कडवं मनात चालीवर म्हणत होतो. हात वर करून म्हणालो, थांब जरा. तो थांबला, मग घरी गेला. मी विसरलो.

पुढचं तुला ठाऊक आहे. तेवीस जण जुलाब-उलट्यांनी पडले, बावीस उठले. अक्का पूजेचं तीर्थ घेतल्याशिवाय पाण्याला तोंड लावत नसे, सोमवारी तर तीन वेळा घ्यायची. बुधवारी तुळजापूरच्या दवाखान्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. तुम्ही सगळ्यांनी तेच मानलं. मातीच्या वेळी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालास, श्रावणात गेली, भाग्याची. मी तुझी पाठ थोपटत राहिलो. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

एवढं होऊनही कदाचित मी गप्पच बसलो असतो. पण उद्या तालुक्याहून चौकशीला माणसं येणार आहेत. वही म्हणते औषध टाकलं, तपासलेलं पाणी म्हणतं नाही. म्हणजे पावडर परस्पर विकणारा चोर धुळाप्पा, असं ठरल्यात जमा आहे. त्याचं काम जाणार. काल तो येऊन बसला, तंबाखू मळत म्हणाला, “म्या तुमचं नाव न्हाय घेतलं, गुरुजी. घेणार बी न्हाय.” मी त्याला चहा दिला आणि रात्रभर माझी मान वर झाली नाही. म्हणून आज पहाटे लाल शाईनं तीन वर्षांचे सगळे सोमवार खोडले आणि प्रत्येकापुढं सही केली. उद्या वही आणि किल्ली दोन्ही मी त्यांच्या हातात देईन. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं, आणि माझ्याकडूनच, म्हणून हे पत्र टपालात न टाकता आजच्याच एसटीनं धाडतो आहे. तिनं मागितलं होतं, हे कुणाला सांगणार नाही. औषध मी टाकू दिलं नाही, एवढंच सांगेन. तुझ्या घरी काय सांगायचं ते तू ठरव. माफी मागत नाही. फक्त उद्या त्यांच्यासमोर उभा राहून हे तोंडी सांगायचंय, माणिक, आणि मी अडणार, हे मला आत्ताच दिसतंय. या वेळी मागच्या बाकावर कुणी नसेल.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
बुद्धघोष