चढ मना आहे

४ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

दादाला काल दवाखान्यातून माझ्याकडे आणलं. तू आठ दिवस बाकावर झोपून काढलेस, आता डोंगरातल्या विश्रामघरी परत गेलीस ते बरंच केलंस. ऐन मोसमात दाराला कुलूप दिसलं असतं तर वाटसरूंनी दारच खाल्लं असतं.

तब्येत म्हणशील तर चेहऱ्यावर रंग आलाय, भूक लागते, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतपत शक्तीही आली आहे. पण हा माणूस बसत नाही गं. माझ्या दोन खोल्या त्या केवढ्या! पलंगापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून पलंगापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. खालच्या शिंपीणबाई वर येऊन विचारून गेल्या, की तुमच्याकडे कोणी रोज कपाट सरकवतंय का. काल जिन्याची हललेली फरशी यानं सपाट दगड शोधून पक्की केली आणि मग तासभर जिन्यात उभा राहून कोण कसा पाय टाकतो ते बघत बसला.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदयाचा एक भाग कायमचा थकला आहे. सपाटीवर हळूहळू हवं तेवढं चालू दे, उलट चांगलंच, पण चढ मना आहे. खिंड नाही, धार नाही. या वर्षापुरतं नव्हे, कायमचं. आणि हा तर धरून चाललाय की महिन्याभरात पुन्हा वर डोंगरवाटेवर वाटसरूंसाठी खुणा रंगवायला जायचं. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं घासते, लोकांना स्पष्ट दिसावं याचा पगार घेते; पण सख्ख्या भावाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची तर माझी दातखीळ बसते. तूच सांग, नाहीतर कसं सांगू ते तरी सांग.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


१२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि पाणी आणायला म्हणून नदीवर गेले ती रिकामी बादली घेऊन परत आले. ह्यांना इतक्यात सांगू नकोस. वाईट बातमी पचवायलाही अंगात ताकद लागते.

इकडे वेगळंच होऊन बसलंय. अवेळी पाऊस झाला आणि सोंडेखालचा उतार घसरला. वाट जिथून आडवी जाते तो सगळा पट्टाच खाली दरीत गेला. एक आई आणि तिची मुलगी, आपल्या ह्यांनी रंगवलेल्या पिवळ्या खुणा बघत बघत थेट तुटलेल्या कडेपर्यंत गेल्या. पुढे जाता येईना, मागे वळायला धीर होईना. एका मेंढपाळानं हाताला धरून उतरवलं. माझ्या ओसरीवर त्या बाईंनी तीन कप चहा घेतला, पण मुलीचा हात सोडला नाही.

ह्यांच्या वाटखात्याच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले की माणूस शिल्लक नाही, वाट बंद अशी पाटी लावा. लावली. पण पाटी वाचून परत फिरणारे लोक मुळात डोंगरात येतात कशाला?

मग मीच गेले. हसू नकोस. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्या साकवाच्या पुढे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. हे वर जायचे, मी घर बघायची, ही आमची वाटणी. ह्यांचा रंगाचा डबा, कुंचला आणि कुदळ घेतली. घसाऱ्यावर तर चारी हातापायांवर गेले. कोणी पाहिलं असतं तर चुकलेली म्हैस समजलं असतं. पण दरडीच्या वरच्या अंगानं शेळ्यांची एक बारीक पायवाट सापडली. ती कुदळीनं रुंद केली, दगडांवर खुणा केल्या आणि आलेच आहे तर म्हणून खिंडीपर्यंत गेले. पलीकडची नदी प्रथमच पाहिली. ह्यांच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की वाटलं केवढी असेल, काकडीएवढी दिसली! तरी मी तिथं बसून राहिले. उतरावंसंच वाटेना.

तेव्हापासून घरात पाय ठरत नाही. भांडी घासताना मान आपोआप वर वळते. हा रोग लागट आहे का, ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार.

ह्यांना जप, आणि स्वतः नीट जेवत जा.

तुझी,
वहिनी


२१ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

आधी हे वाच की दादा सुखरूप आहे. मग बाकीचं वाच.

त्याला कळलं. मी नाही सांगितलं. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, की विश्रामघराला पायऱ्या किती आहेत. पायऱ्यांची एवढी चौकशी कशाला, एवढं विचारून हा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझं तोंड म्हणजे तुला माहीतच आहे, उघडी खिडकी; चढ कायमचा मना आहे हे त्यानं तिथंच वाचलं. 

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर घर रिकामं. बूट नाहीत, काठी नाही. मी दवाखान्यात गेले, बसथांब्यावर गेले, शिंपीणबाई मशीन तशीच टाकून माझ्याबरोबर धावल्या. शेवटी पुलावरच्या फुलवाल्यानं सांगितलं, की एक उंच गृहस्थ नदीच्या काठाकाठानं वरच्या बाजूला गेले. वहिनी, शहर संपतं तिथल्या पाण्याच्या जाड नळावर तो बसलेला सापडला. कुठं निघालास म्हणून मी ओरडले तर शांतपणे म्हणाला, घरी. ही नदी आपल्या दारावरूनच येते, तिचं बोट धरून गेलं की घर येतं. आणि चढ मना आहे, चालायला कुठं मनाई आहे?

मी रस्त्यातच रडले, भांडले, नाही नाही ते बोलले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला की भिंगरी, मला खोलीत बसवून जगवणार असशील तर तसं सांग, मी काठी इथंच टाकतो.

डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेले. त्या म्हणाल्या की काठाची वाट खरोखर सपाट असेल, रोज थोडं थोडं आणि सोबत कोणी असेल तर हरकत नाही. सोबत कोण, तर मी. दुकानातून रजा काढली आहे. मालक म्हणाले की तू कधी रजा मागितलीच नव्हतीस, मला वाटलं तुला येतच नाही. रविवारी निघतो. धरणाजवळच्या पोस्टात थांबू, तिथं पत्र टाक.

माझ्यावर रागावली असशील तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी


२५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

रागावले होते. नदीचं बोट धरून येतो म्हणे! मग तीन वेळा तेच वाक्य वाचलं आणि राग कुठं गेला कळलं नाही.

गोळ्या वरच्या खिशात ठेव, पिशवीच्या तळाशी नको. दुपारी त्यांना झोपवच.

एक गोष्ट तुला आधी सांगते. साहेब आले होते. नवी वाट चालून गेले, खुणा पाहिल्या आणि त्यांनी कोणी केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग हळूच विषय काढला, की ह्यांना आता जमणार नाही हे त्यांच्या कानावर आलंय, एक नवा माणूस ठरवत आहेत, आणि विश्रामघर तर वाटेच्या माणसालाच मिळतं. म्हणजे आम्ही सामान आवरायचं. मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं, ती नोकरी मला द्या. साहेबांनी पुन्हा एकदा वरच्या खुणांकडे पाहिलं. मग हो म्हणाले.

घर जाऊ नये म्हणून केलं, असं मी सगळ्यांना सांगणार आहे. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं तुला सांगते: मला वर जायचंय. ह्यांच्यापासून जे हिरावलं तेच मी उचललं, असं सारखं मनात येतं. त्यांना सांगू नकोस. समोर बसवून मीच सांगेन.

सांभाळून या, मी दिवा लावून ठेवते.

तुझी,
वहिनी


३१ ऑक्टोबर, धरणाच्या पुढच्या मुक्कामावरून

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

मी सांगून टाकलं. उघडी खिडकी! पत्र वाचताना माझा चेहरा बघून त्यानं विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. वहिनी, घरी आल्यावर मला हवी ती शिक्षा कर.

ऐकता ऐकता त्यानं बूट चढवले. मग उठला आणि तरातरा चालू लागला. मी मागून हाका मारतेय, हा ऐकत नाही. बांधाच्या टोकाला धाप लागून खाली बसला. गोळी दिली. छाती शांत झाल्यावरही तोंड दुसरीकडे. तो सगळा दिवस आम्ही तिथल्या एका नावाड्याच्या झोपडीत काढला. मला तर वाटलं आता हा उलटाच फिरणार.

सकाळी चहा पिताना एकदम विचारलं, की दरडीला वळसा घालताना ती वरून गेली की खालून. मी म्हटलं वरून. तर म्हणाला, चुकलं, खालून जायला हवं होतं. झालं, चालायला लागलो. वेताच्या बेटापाशी थांबला आणि म्हणाला, नाही, खाली झरा आहे, तिथली माती बसत नाही. वरून गेली तेच बरोबर. मग बराच पुढं गेल्यावर पाठमोराच बोलला, की तिला कोणी शिकवलं नाही तरी तिला ते दिसलं.

माझ्या पायांना फोड आले आहेत आणि मला अजिबात थांबावंसं वाटत नाहीये. रोग लागटच आहे.

चार दिवसांत पोचू. लोभ तयार ठेव, आणि गरम पाणीही.

तुझी,
भिंगरी


२४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

तू मला पोचवून शहरात परत गेल्यावर पहिले दिवस मी तुझ्या वहिनीला फार छळलं. खुणा फार मोठ्या रंगवतेस, कुदळ चुकीची धरतेस, असलं काहीबाही. ती ऐकायची आणि वर निघून जायची. मी दुसऱ्या साकवापर्यंत सोबत जायचो आणि तिथून माघारी.

गेल्या आठवड्यात दाट धुकं आलं. ती परतायची वेळ टळून गेली. मी फाटकाशी उभा राहिलो. आत आलो. पुन्हा बाहेर गेलो. शेवटी बूट चढवले आणि साकव ओलांडला. होय, चढलो. ओरडू नकोस, तिनं आधीच ओरडून घेतलंय. तिसऱ्या वळणावर छातीवर कोणी धोंडा ठेवला असं झालं. दगडाला टेकून बसलो. हाक मारावी तर आवाज फुटेना. गोळ्या घरीच राहिल्या होत्या.

तेवढ्यात ती धुक्यातून उतरली. पाय मुरगळलेला एक वाटसरू तिच्या खांद्यावर रेललेला, त्याच्यामुळेच उशीर झालेला. मला पाहिलं, त्याला खाली बसवलं, आणि स्वतःच्या खिशातून माझी गोळी काढली. मी घरी आलो त्या दिवसापासून रोज वर जाताना ती माझ्या दोन जादा गोळ्या बरोबर नेत होती. मी कधीतरी चढणार हे तिला ठाऊक होतं. मग आम्हा दोघा बाप्यांना दोन्ही बगलांत धरून तिनं खाली आणलं. तो बिचारा सारखी माझीच माफी मागत होता.

घरी आल्यावर मी म्हटलं, की वाट बघणं एवढं अवघड असतं हे तू मला कधी बोलली नाहीस. इतकी वर्षं याच फाटकात उभी राहिलीस, एकदाही माझ्या मागं वर आली नाहीस. ती म्हणाली, आले असते, पण मग परत आल्यावर तुम्हाला दार कोणी उघडलं असतं?

त्या दिवसापासून तिला दार मी उघडतो. 

आता काठाची वाट माझ्याकडे, धार तिच्याकडे. वाटसरूंना चहा मी देतो. बरा करतो म्हणतात, पण दमलेल्या माणसाचं मत धरू नये. आज धुकं नाही, ऊन स्वच्छ आहे, तरी ती अजून आलेली नाही. घड्याळ भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं, तर त्याची टिकटिक कपाटातूनही येते. हाताला काहीतरी काम हवं म्हणून हे लिहायला बसलो.

फाटक वाजलं. बघून येतो.

वारा होता.

तुझ्या दुकानाच्या मालकांना पुढच्या वर्षीची रजा आत्ताच मागून ठेव. काठाची वाट पलीकडे आणखी पुष्कळ आहे, आणि ती सगळी सपाट आहे. शिंपीणबाईंना माझा नमस्कार सांग. कपाट आता सरकत नाही ना, विचार.

साकवाच्या फळ्या वाजताहेत. हा वारा नव्हे. मी तिची पावलं ओळखायला शिकलोय. आता थांबतो, दार उघडायचं आहे.

तुझा,
दादा