काकीचा काढा आणि तुझ्या गोळ्या

आई,

तू गेलीस त्याला पंधरा वर्षं झाली, आणि या पंधरा वर्षांत मी मनातल्या मनात एकच चौकशी चालवली आहे: तुला कोणी मारलं? लोक म्हणतात, ताप आला आणि गेली. मला ते कधी पटलं नाही. चाळिशीही न गाठलेली, भर उन्हात वाडीला पाणी लावणारी बाई चार-पाच दिवसांच्या तापानं जाते कशी? तुझ्या मयताला आलेल्या प्रत्येकाचं तोंड मी निरखून पाहिलं होतं. कोण जास्त रडतं, कोण लवकर थांबतं, सगळं. तू असतीस तर म्हणाली असतीस, पोलिसात भरती हो, इथं काय करतेस.

तुझं दुखणं मला स्वयंपाकघरापासून आठवतं. केळी उन्हात वाळवून सुकेळी घालायचे दिवस होते. तू पाटावर बसून राजेळी केळी सोलते आहेस आणि तुझे हात थरथरताहेत. पोटभर जेवूनही तू वाळत चालली होतीस, डोळे मोठे दिसत होते, गळ्याला पुढून सूज आली होती. मी म्हणाले, "आई, तुझे हात बघून केळीच घाबरली." तू साल फेकून मारलंस. "हसतेस काय? बस इथं आणि सोल." मी जवळ बसले तेव्हा तुझ्या गळ्यावरची शीर उडताना दिसली आणि माझं हसू गेलं. नाताळाच्या आधी बाबा तुला मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि तुम्ही बारीक गोळ्यांची बाटली घेऊन आलात. गळ्यातली ग्रंथी जास्त काम करते, तिला आवरायचं हे औषध, एवढंच बाबांनी सांगितलं. बाटलीवरचं इंग्रजी वाचता येणारी घरात मी एकटीच, अकरावीतली, म्हणून गोळ्या माझ्या ताब्यात आल्या. दिवसातून तीनदा एक. महिन्याभरात तुझे हात स्थिर झाले, आणि मला वाटलं, तुला मीच बरं केलं.

काकीला ते बघवत नाही, अशी माझी खात्री होती. बाबांच्या धाकट्या भावाची बायको, मिठागराकडच्या गावची. तिचा जीव झाडपाल्यावर. येता-जाता बाटली उचलून बघायची आणि तोंड वाकडं करून ठेवायची. "वैनी, हे कोनाचं औषध, कशाचं औषध, काय माहीत? माझा काढा घे." तू हसून टाळायचीस. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकायची. हिला एवढी काळजी कशाची?

मग फेब्रुवारीत गळ्याच्या आशीर्वादाचा दिवस आला. फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून एकेकाच्या गळ्याला लावतात आणि प्रार्थना म्हणतात. त्या वर्षी तू रांगेत सगळ्यांच्या पुढे होतीस. आठवड्याच्या आत तुझा घसा दुखायला लागला, आणि तू तो लपवलास. आशीर्वाद घेतलेला गळा इतक्यात दुखतो, हे सांगायची तुला लाज वाटली. लोक म्हणतील, हिची श्रद्धाच कच्ची. भाकरी बाजूला सारायचीस, म्हणायचीस भूक नाही. तिसऱ्या दिवशी तुला थुंकी गिळवेना तेव्हा मी कपाळाला हात लावला, तर अंग तापलेलं, आणि तोंडात पांढरे फोड.

काकी काढा घेऊन आली. तुझं तोंड बघितलं आणि माझ्यावरच ओरडली, "ह्या गोळ्या आधी बंद कर, पोरी! पानीसुदा गिळवत नाय तिला, आनि तू गोळ्या कसल्या कोंबतेस?"

मी म्हणाले, "तुझा काढा तूच पी, काकी." तिच्यासमोर तो केळीच्या बुंध्याशी ओतला. दोन दिवसांनी तू गेलीस. त्यानंतर मी घरात सांगत सुटले की काकीनं तुला माझ्यामागे काहीतरी पाजलं असणार. बाबांनीही काकीशी बोलणं टाकलं.

या वर्षी माझे हात थरथरायला लागले. इथल्या, विरारच्या डॉक्टरांनी त्याच औषधाची चिठ्ठी दिली आणि बजावलं, "ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी गोळी बंद करा आणि रक्त तपासून घ्या." मी विचारलं, का? ते म्हणाले, क्वचित कोणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या औषधानं संपत येतात, मग साधा जंतूही अंगावर उलटतो. मी विचारलं, हे पंधरा वर्षांपूर्वी ठाऊक होतं का? ते म्हणाले, होतं. बाबांना गाठलं. "सांगितलं असेल," ते म्हणाले. "डॉक्टर इंग्रजीत भरभर बोलत होते. मी मान हलवली." मग आठवडाभर मी बाबांवर दात धरला. दुसरं काय येतं मला?

गोळ्या मी घेते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी रोज सकाळी इथं विरारला, मनवेलपाड्याच्या चाळीत बॅटरी घेऊन आरशासमोर तोंड उघडते आणि घसा तपासते.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते ऐक. काकी त्या दिवशी पाय आपटत गेली, आणि मी विचार केला, गळ्यातल्या ग्रंथीचं दुखणं उलटलं आहे, म्हणजे औषध कमी पडतंय. एकीच्या जागी मी दोन गोळ्या केल्या. मधात कुस्करून दिल्या. तुला गिळवत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी गिळल्यास, कारण पोरगी शिकलेली आहे, तिला कळतं, असं तू सगळ्यांना सांगायचीस. त्या दोन दिवसांत तसं किती वेळा दिलं, ते मला नक्की आठवतं. एकीच्या दोन केल्यानं काही फरक पडला का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारायला तोंड उघडलं आणि घसा दाखवला.

काकी थकली आहे आता. मागच्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर तिनं माझा हात धरला, थरथर बघितली, आणि दुसऱ्या दिवशी कोणाबरोबर तरी काढ्याची बाटली पाठवली. मला खरं काय ते कळलं आहे, आई. तिचा काही दोष नव्हता, तीच एकटी बरोबर बोलली होती. तरी मी बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि काढा मोरीत ओतला. तिच्यावरचा संशय सोडला, तर तो ठेवायला माझ्याशिवाय कोणी उरत नाही.