चतुर्दशीनंतरचा सामना

आई, तुला अक्षरओळख नव्हती, आणि तुला जाऊनही आता अठरा वर्षे झाली. म्हणजे हे पत्र तुझ्यापर्यंत न पोहोचण्याची दोन स्वतंत्र आणि प्रत्येकी पुरेशी कारणे उपलब्ध आहेत. न्यायशास्त्रात एवढ्यावर प्रकरण निकालात निघाले असते. तरीही लिहायला बसलो, कारण काल जैन बोर्डिंगचे अधीक्षक घरी आले होते. येत्या रविवारी मी तिथल्या मुलांपुढे ‘आहारसंयम’ या विषयावर व्याख्यान द्यावे, अशी त्यांची विनंती आहे. गेली पंचवीस वर्षे मी संस्कृत शिकवतो. व्याकरण सोडून अन्य कोणत्याही विषयावर माझे ऐकून घ्यावे असे आजवर कोणाला वाटले नव्हते, त्यामुळे प्रथम माझा ऊर भरून आला. मग ते म्हणाले, “मास्तर, तुमची ती गोष्टच सांगा की. फुटबॉल खेळून आलता, दिवस बुडालता, म्हणून पाण्याचा थेंबसुद्धा घेतला न्हाय, ती. आमची आई आम्हाला सांगायची.” त्यांच्या आईला ती गोष्ट बस्तीत जिनदर्शनानंतर तू सांगितली होतीस. मी ‘बरं’ म्हणालो. अधीक्षक गेल्यावर व्याख्यानासाठी कागद काढला, आणि त्यावर ‘आई’ एवढाच शब्द उमटला.

माझ्या क्रीडाजीवनाविषयी तुला फारसे कधी सांगितले नाही; तूही विचारले नाहीस. मी मैदानावर ज्या स्थानी उभा असे त्याला इंग्रज लोक सेंटर फॉरवर्ड म्हणतात. त्याचे शास्त्रशुद्ध लक्षण असे, की इतर दहा जणांनी केलेल्या परिश्रमांचे फळ पायाशी येण्याची प्रतीक्षा करणारा आणि ते आल्यावर बहुधा कुंपणापलीकडे धाडणारा पुरुष. निपाणीत तंबाखूच्या वखारवाल्यांचा एक संघ होता, त्याच्यापासून माझा आरंभ झाला. तिथे मी दोन हंगाम टिकलो. पुढे शाळेत नोकरी लागली, आपण बेळगावला खडेबाजारामागच्या गल्लीत खोली घेतली, आणि मी कधी पोलिसांकडून, कधी वकिलांच्या कारकुनांकडून, तर कधी एका तुरुंगाच्या पहारेकऱ्यांकडून खेळू लागलो. त्या पहारेकऱ्यांच्या बचावफळीतून मात्र कोणीही सहज सुटून जाई. एका संघाला माझी अनुपयुक्तता पूर्णपणे पटेपर्यंत दुसऱ्या संघाचा कोणीतरी आजारी पडलेला असे, आणि अशा रीतीने माझी कीर्ती परिव्राजकासारखी एका दारातून दुसऱ्या दारी हिंडत राहिली. मी वाईट खेळाडू नव्हतो, आई. वाईट खेळाडूला लोक लक्षात ठेवतात. मी मध्यम होतो.

तुला यातले एकच ठाऊक होते, की चेंडू चामड्याचा असतो. दारात पाण्याची बादली भरलेली असे आणि अंगावर पाणी घेतल्याशिवाय मला चुलीकडे फिरकता येत नसे. “चामड्याला शिवून आलायस, आदी अंगावर पाणी घे,” हे तुझे स्वागतवचन. आणि लगेच, “चेंडूला पोट असतंय काय रं? नुसती हवा भरलीया त्यात. त्याच्या मागं पळून माणसाचं पोट रिकामं!” सूर्य मावळल्यावर अन्नपाणी घ्यायचे नाही, हा नियम तर आपल्या सगळ्यांचाच. आप्पा गेल्यानंतर तू त्यावर स्वतःची आणखी दोन कलमे जोडलीस. एक, दिवसातून एकदाच जेवायचे. दोन, ते माझे ताट वाढून झाल्यावर, माझ्या समोर बसून. माझी शाळा सुटण्याच्या हिशेबाने तू ती वेळ संध्याकाळची ठरवली होतीस. परिणामी तुझे जेवण माझ्या पायांवर अवलंबून राहिले, आणि त्या पायांवर तर कोणताही संघ अवलंबून राहत नसे.

म्हणून सामना संपल्याची शिट्टी झाली की मी धावत सुटतो. कॅम्पातल्या मैदानावरून निघतो, वाटेत ओळखीची माणसे हाका मारतात, मी थांबत नाही. पलटणीतला एक गोरा सार्जंट आमच्या सामन्यांत नेहमी पंच असे. तो एकदा कप्तानाला म्हणाला होता, की तुमचा हा मनुष्य सामन्यात याच्या निम्म्या वेगाने धावला तरी आम्ही हरू. दारात पोहोचल्यावर बादली, मग ताट. तू उंबऱ्यात उभी राहून समोरच्या कौलांवर ऊन उरले आहे का ते बघतेस. “हाय अजून. बस बस.” भाकरीचा पहिला तुकडा मी मोडतो, आणि मगच तू स्वतःच्या ताटाकडे वळतेस. हे असे चार वर्षे चालले आणि एक दिवस सोडता कधीही चुकले नाही. माझ्या संपूर्ण कारकिर्दीतला सातत्याचा हा एकमेव नमुना.

मार्गशीर्षातला तो सामना तुला आठवत असेल. तुझ्या दृष्टीने तो एकच सामना मी आयुष्यात खेळलो. आदल्या दिवशी चतुर्दशी होती, तुझा उपवास. म्हणजे त्याच्याही आदल्या संध्याकाळपासून तुझ्या पोटात अन्न नव्हते. तेव्हा मी कॅम्पातल्या बेकरीवाल्यांच्या संघात होतो आणि आम्ही, कशामुळे ते देव जाणे, पलटणीच्या संघाविरुद्ध अंतिम सामन्यात पोहोचलो होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. हुबळीहून रेल्वेचा एक साहेब सामना बघायला येणार होता. त्यांना त्यांच्या संघासाठी एक फॉरवर्ड हवा होता; पसंत पडला तर कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. परिव्राजकाला मठ मिळण्याचा योग होता. निघताना तू म्हणालीस, “लवकर ये रं लेकरा. आज जरा गरगरतंय.” मी म्हणालो, “सूर्याच्या आधी येतो.”

सामना बरोबरीत सुटला. पंचाने जादा वेळ जाहीर केला, दहा-दहा मिनिटे. मी पश्चिमेकडे पाहिले. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. मी कप्तानाकडे गेलो. हा मनुष्य भट्टीसमोर आयुष्य काढल्यामुळे कशानेच तापत नसे. मी म्हणालो, “मला जायला पाहिजे. घरी आई उपाशी आहे.” त्याने माझ्याकडे बघितले. “मास्तर, गेलास तर आमी दहा जणं राहतोय. बदली कुणी न्हाय.” मी पुन्हा सूर्याकडे पाहिले. तो म्हणाला, “सूर्य उद्या बी उगवतोय, मास्तर. कप उद्या न्हाय मिळत.” हे खरे तर मी मानायला नको होते. पण मी त्या वेळी कपाचा विचार करत नव्हतो आणि, क्षमा कर, तुझाही करत नव्हतो. तंबूखाली खुर्चीवर बसलेल्या त्या साहेबाचा करत होतो. मी थांबलो.

जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटांत एक चेंडू माझ्या गुडघ्यावर आपटून गोलात गेला. यात माझे कर्तृत्व एवढेच, की गुडघा माझा होता. लोकांनी मला खांद्यावर घेतले. त्या उंचीवरून मला तंबू स्पष्ट दिसला, आणि साहेबाची खुर्ची रिकामी दिसली. नंतर कळले, की त्याची गाडी होती. निर्धारित वेळ संपताच तो स्टेशनकडे गेला होता. ज्याच्यासाठी मी थांबलो, तो मी थांबण्यापूर्वीच निघून गेला होता. हुबळीच्या नोकरीचे पुढे काहीच झाले नाही. पुढच्या हंगामात बेकरीवाल्यांनीही दुसरा फॉरवर्ड शोधला. गुडघ्याचा भरवसा धरता येत नाही, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते.

आता ते, जे अधीक्षकांना ठाऊक नाही. सगळे कप्तानाच्या बेकरीत गेले. उजेड पूर्ण मावळलेला, भट्टीतून नुकताच माल निघालेला, चहाची किटली फिरत होती. कोणीतरी माझ्या हातात पाव दिला. मी तर्क केला, कारण मी शिकलेला मनुष्य आहे: वेळ टळली ती टळलीच, आता आईचे जेवण काही झाले तरी व्हायचे नाही, तेव्हा माझ्या उपाशी राहण्याने तिच्या पोटात एक घासही जात नाही. तर्क निर्दोष होता. अपराध्याचा तर्क नेहमीच निर्दोष असतो. मी पाव खाल्ला, आई. मग दुसरा खाल्ला. चहात बुडवून. त्यात अंडे होते की नव्हते हे विचारायचे मी मुद्दाम टाळले. आणि इतकी वर्षे झाली तरी खोटे कशाला सांगू, तसा पाव मी पुन्हा कधी चाखला नाही.

मी घरी आलो तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस. दोन्ही ताटे झाकलेली. तू रागावली नाहीस, जिंकलो की हरलो हेही विचारले नाहीस. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणालीस, “तोंड किती सुकलंय रं माझ्या लेकराचं. पाणीबी घेतलं न्हाईस न्हवं? आता सकाळीच, दोघं मिळून.” तू विचारले नव्हतेस, तू गृहीत धरले होतेस. मला उत्तरच द्यावे लागले नाही. मी अंगावर पाणी घेतले आणि झोपलो. सकाळी दिवस दोन घटका वर आल्यावर तू आधी मला वाढलेस. वाढताना तुझ्या हातून आमटी ताटाबाहेर सांडली. तू हसून म्हणालीस, “आज दोघांचं पारणं.” त्यानंतर बस्तीत, विहिरीवर, हळदीकुंकवाला गेलेल्या शेजारणींमार्फत सगळ्या गल्लीत, माझा तो उपवास गाजत राहिला. गोलाविषयी कोणी बोलत नसे. बघ ना, ज्या एका पराक्रमामुळे माझे नाव झाले, तोही मी केलेला नव्हता.

रविवारी मुलांना पावांचे सांगावे असे आज तरी वाटते. मास्तरची फजिती मुलांना आवडते. अधीक्षकांना आवडणार नाही, पण ते मला पुन्हा बोलावणार नाहीत एवढेच. यंदा गोऱ्यांच्या पलटणीच निघून गेल्या, त्या मैदानावर आता कोणी तो सामना पाहिलेला उरला नाही; जुन्या गोष्टीची एक बाजू कळायला हरकत नाही. पण त्यापुढचे मी मुलांना सांगणार नाही. ते तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखे नाही, आणि हा कागद मी टपालात टाकणारही नाही.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर म्हणाले होते, की दिवस असो वा रात्र, दर दोन तासांनी दूध आणि औषध पोटात गेलेच पाहिजे, नाहीतर अंगात ताकद राहणार नाही. दिवेलागणीला मी दुधाची वाटी घेऊन आलो. तू तोंड फिरवलेस. डॉक्टरांनी समजावले, आजाऱ्याला नियमातून सूट असते म्हणाले. तू त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलेस, “ह्यो बघा. दोन तास पळून आलतं माझं पोरगं, थेंबबी घेतला न्हाय त्यानं. मी तर गादीवर पडलीया. मला काय झालंय?” मी वाटी धरून उभा होतो. ‘मी खाल्लं होतं’ एवढेच म्हणायचे होते. चार दिवस रोज संध्याकाळी म्हणायची संधी होती. पाचव्या दिवशी तू गेलीस.

मी ते सांगितले असते तरी तू दूध घेतले नसतेस; उलट माझ्या प्रायश्चित्तासाठी आणखी एक दिवस निर्जळ राहिली असतीस. या विचारावर मी अठरा वर्षे काढली आहेत, आणि तो खराही असेल. पण मी गप्प राहिलो ते या विचाराने नव्हे. तू बोट दाखवलेस तेव्हा डॉक्टरांनी वळून माझ्याकडे आदराने पाहिले होते, आणि तूही, जिने माझा एकही सामना पाहिला नाही, माझ्याकडे अशी पाहत होतीस, की सबंध कारकिर्दीत कुठल्याही मैदानावर मला कोणी तसे पाहिले नव्हते. मला ते फार आवडले, आई. म्हणून मी वाटी धरून तसाच उभा राहिलो.