वळणावरचा ब्रेक

तीर्थरूप बाबा,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

डोकं मात्र रोज फिरतं. शर्यतीतले आमचे दोन ड्रायव्हर वळण कसं घेतात, ते स्क्रीनवर ताडून बघायचं, हे माझं काम. जुना वळणाआधीच ब्रेक दाबून गाडी अलगद वळवतो. नवा पोरगा वळणात शिरल्यावर दाबतो, मग मागची चाकं घसरतात. सांगून सांगून घसा बसला, तो नुसता हसतो.

आणि काल ताईचा फोन! तुम्ही स्कूटरवरून पडलात, दवाखान्यासमोरच्या वळणावर. हेल्मेट म्हणे डिकीत होतं. ब्रेक कधी दाबलात, बाबा?

कोपर कसं आहे? आईलाच विचारते, तुम्ही खरं सांगणार नाही.

माझं इथेही कुणी ऐकत नाही, तिथेही नाही. पण तो पोरगा निदान हेल्मेट तरी डोक्यात घालतो.

तुमचं वैतागलेलं शेंडेफळ