झाडाला विचारलंस, मला नाही

आत्या, तुझं ओव्याचं झाड अजून जिवंत आहे. तू जाऊन वीसेक वर्षं झाली, तेलाच्या फुटक्या डब्यातून ते माझ्या गच्चीवर आलं, तरी मेलं मरत नाही. सोलापूरच्या उन्हात मोगरा मान टाकतो, तुळस करपते. याची जाड, लवदार पानं मात्र तुझ्यासारखीच ठणठणीत. दोनदा मुळासकट उपटून फेकलं. फेकलं तिथंच पुन्हा रुजलं.

गल्लीत कुणाला खोकला झाला की तुझ्या दाराशी यायचे. पान तव्यावर शेकायचं, चुरगाळून रस काढायचा, मधातून चाटवायचा. खोटं कशाला बोलू, खोकल्याला आराम पडायचा. तेवढ्यावर थांबली असतीस तर आज मी हे लिहीत बसले नसते. मी आठ वर्षांची, डावा कान वाहतोय, उशी ओली. आई भीत भीत विचारते, "वन्सं, दवाखान्यात न्यावं का हिला?" तू म्हणतेस, "कशाला? पान हाय की दारात." आणि झाडापुढं उकिडवी बसतेस. तोडायच्या आधी झाडाची परवानगी घ्यायची, ही तुझी रीत. "घेऊ का गं बाई दोन पानं? पोरीचा कान लई ठणकतोय." तेही हात जोडून. मग माझं डोकं मांडीवर दाबून धरलंस आणि कढत रस कानात पिळलास. मी किंचाळले. "गप की! एवढं पोळत न्हाय." झाडाला विचारलंस, मला विचारावं असं तुला एकदाही वाटलं नाही. महिनाभर रोज हेच चाललं होतं.

तो कान गेला हे घरात कुणाला कळलंच नाही. भिंतीपलीकडं यंत्रमागांची खडखड, त्यामुळे आमच्याकडं सगळेच ओरडून बोलायचे आणि ते मला उजव्या कानानं भागायचं. शाळेतल्या बाई मात्र हळू बोलायच्या. उत्तर दिलं नाही की उद्धट म्हणून मी वर्गाबाहेर. तूही म्हणायचीस, "लई शिष्ट झालीया पोरगी." दोन वर्षांनी आईनं तुला न जुमानता मला डॉक्टरकडं नेलं, तूही मागोमाग आलीस. ते तुझ्यावर केवढे चिडले! "पडद्याला भोक पडलेलं, आणि त्यात हे ओतत बसलात?" घरी येऊन शेजारणीला सांगितलंस, "पोरगी हलली, म्हून बिघडलं."

ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही. आजही कुणी म्हणतं, तुझ्या आत्याच्या हाताला गुण होता. मी लगेच डावा कान पुढं करते, म्हणते, हा बघा गुण. त्यांचे चेहरे पडतात. तुझं नाव खराब करताना मला बरं वाटतं, आत्या. फार बरं वाटतं.

पण तुझी शेवटची दुपार मी कुणाला सांगितलेली नाही. वीज गेली होती, माग बंद, गल्लीत कधी नव्हे ती शांतता. तुझ्यात ओरडायचं बळ उरलं नव्हतं. हातानं खुणावलंस, जवळ ये. मी वाकले, आणि मुद्दाम डावा कान तुझ्या तोंडाशी नेला. तू बराच वेळ बोलत होतीस. तुझा श्वास कानाला लागत होता. मी मान डोलावत राहिले. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तू शांत पडलीस.

माफी मागितलीस, की झाडाला पाणी घालत जा म्हणालीस? आता कुणाला विचारू? हे पत्रही घडी घालून कपाटात ठेवणार आहे. एक मात्र वर खोटं लिहिलंय. झाड आपोआप रुजलं नव्हतं. दोन्ही वेळा मीच ते उचलून परत लावलं आणि पाणी घातलं.