वाकड्या काडतुसांचा डबा

९ जुलै, बुधवार

पुन्हा तेच भांडण! वेन्डल म्हणतो, गोळी पुंगळीत केसभर जरी तिरकी बसली तरी नेम ढळतो. मी म्हणते, थोतांड. लग्नापासून नवऱ्याची काडतुसं मी भरतेय — दारू मी मोजते, गोळी मी बसवते — आणि हा गोळी सरळ बसलीय का ते बघायला एकेक काडतूस मापकावर फिरवून काट्याकडे टक लावून बसतो. सासूने सुनेचा स्वयंपाक बघावा तसा!

११ जुलै, शुक्रवार

आज मुद्दाम केलं. ज्यांच्यावर काटा सगळ्यात जास्त हलला तीच काडतुसं वेचून उद्याच्या नेमबाजीच्या सामन्याच्या डब्यात भरली. "मी तपासलीत, झोप तू," म्हटलं. "बरं," म्हणाला. उद्या जिंकला की सांगेन — बघ, सगळी वाकडी होती!

१२ जुलै, शनिवार

हरला. नुसता हरला नाही, लक्ष्याच्या कागदावर गोळ्या वाटेल तिकडे विखुरल्या. एरवी सहाशे यार्डांवरून याच्या गोळ्या कपाच्या तोंडात मावायच्या!

गॉर्डी — धाकटा दीर — सगळ्यांसमोर म्हणाला, "काय दादा, आता वाऱ्याला शिव्या घालणार का?" लोक हसले. घरी येताना ट्रकमध्ये वेन्डल एवढंच म्हणाला — "हात गेला गं, मार्लिस."

सांगायला तोंड उघडलं. आणि नुसता रेडिओ लावला.

१३ जुलै

तो अंगणात बसून आहे.

१५ जुलै, मंगळवार

रायफल गॉर्डीला देऊन टाकली! "मला आता काय करायचीय," म्हणे. गॉर्डीसुद्धा ओशाळला. मी नळाखाली धुतलेलीच भांडी धूत राहिले. एक वाद जिंकायला मी माझ्याच माणसाला चारचौघांत खाली बघायला लावलं. किती नीच मी! उद्या सांगणार. काय म्हणायचं ते म्हणू दे.

१६ जुलै

सांगितलं. रडत रडत — "अरे, तुझा हात ठणठणीत आहे! काडतुसं वाकडी होती, मीच भरली!"

तो उठला. ट्रकमधून डबा आणून पुढ्यात ठेवला. माझी सगळी काडतुसं, एकही उडवलेलं नाही.

"सामन्याच्या सकाळी मैदानावरच मापकावर फिरवून बघितली की. वाटलं, तुला काटा दिसेनासा झालाय. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. माझ्याकडची जुनी, सरळ होती ती मारली."

कप खाली ठेवताना त्याची कॉफी सांडली. दोघांनीही तिकडे बघितलं. मी पुसून घेतली.

माझाच गुन्हा असता तर किती बरं झालं असतं.